म्हाताऱ्या हातांची सक्तमजुरी

(कडा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर शिकलेसवरलेले वक्ते येतात. माझे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे शिकलो ते हमालांच्या तक्रारी लिहिताना, ऊसतोड मजुरांच्या उचलीचे हिशोब तपासताना आणि कोर्टाच्या ओट्यावर वकिलांची वाट पाहताना. तेव्हा आज मी कायदेपंडित म्हणून बोलत नाही. ज्याचा आयुष्यभर मजुरीशीच संबंध आला असा एक माणूस म्हणून बोलतो. माझा विषय मजुरीचाच आहे, पण ती मजुरी तुरुंगातली आहे, आणि करणारा म्हातारा आहे.

'सक्तमजुरी' हा शब्द आपण सगळे वर्तमानपत्रात वाचतो. अमक्याला सहा महिने सक्तमजुरी, तमक्याला तीन वर्षे सक्तमजुरी. वाचून पान उलटतो. मीही पंचवीस वर्षे तसेच उलटीत आलो. आमच्या संघटनेच्या कचेरीत मजुरी या शब्दाचा मान मोठा. मजुरी म्हणजे घामाचे मोल. आणि त्याच शब्दाच्या मागे 'सक्त' लावले की ती शिक्षा होते! हे कसे, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो एका म्हाताऱ्याने पाडला.

त्यांना आम्ही आबा म्हणत असू. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या घरी नातवंडे आहेत. तरुणपणी दसरा झाला की कोयता घेऊन फडावर जायचे, पाडव्याला परत यायचे. पाठ वाकल्यावर बाजारात हमाली केली. तीही सुटली तेव्हा वय सहासष्ट होते. दोन एकर कोरडवाहू आणि त्यापायी बांधाचे भांडण, भाऊबंदकीचे. एक दिवस बोलाबोली झाली, आबांच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता, तो पुतण्याच्या हातावर बसला आणि हाड मोडले. मी आबांची बाजू सावरत नाही. पुतण्या ऊसतोड्या होता. मोडलेल्या हाताने मोळी बांधता येत नाही. त्याचा एक हंगाम बुडाला आणि घेतलेली उचल अंगावर राहिली. गुन्हा घडला होता, आणि तो गरिबाच्याच पोटावर घडला होता.

खटला चालला. वकील मी गाठून दिला होता. आरोप शाबीत झाला, एक वर्षाची सक्तमजुरी आणि दंड अशी शिक्षा झाली. शिक्षा सुनावण्यापूर्वी आरोपीला काही सांगायचे आहे का, असे विचारतात. आमच्या वकिलाने सांगितले की वय झाले आहे, पहिलाच गुन्हा आहे, दंड कमी करावा. दंड कमी झाला. आम्ही खूश! 'सक्त' या शब्दावर बोलायचे आम्हांला सुचलेच नाही. त्याला सुचले नाही, आणि मलाही नाही.

घरी आल्यावर मी कायद्याचे पुस्तक उघडले. जे आधी वाचायचे ते मी नंतर वाचले, ही माझी खोड जुनी आहे. त्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या ५३ व्या कलमाने कैद दोन प्रकारची केली होती : एक सश्रम, म्हणजे कठोर श्रमांसह, आणि दुसरी साधी. २०२४ च्या जुलैपासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हे दोन प्रकार तसेच ठेवलेले आहेत. पुष्कळ कलमांत 'दोहोंपैकी कोणत्याही प्रकारची कैद' असे शब्द असतात. म्हणजे सश्रम द्यायची की साधी, हे न्यायाधीशांनी ठरवायचे. आबांना ज्या प्रकारच्या कलमाखाली शिक्षा झाली त्यातही हा वाव होता. मागणी केली असती तर ती मान्य झाली असती असे मी म्हणत नाही. पण मागणी झालीच नाही, ही गोष्ट खरी.

आता पाहा, आपल्या कायद्याला म्हातारपण कळत नाही असे नाही. महाराष्ट्र सरकारचा नोकर साधारणपणे ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. २००७ च्या कायद्याने साठ वर्षांचा माणूस ज्येष्ठ नागरिक ठरला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५ वे कलम आहे. त्यात म्हटले आहे की, तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा दुर्बल असेल, तर निदान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्याला अटक करू नये. चांगली तरतूद आहे. म्हणजे अटक करताना कायदा माणसाचे वय विचारतो. मग त्याच माणसाला शिक्षा देताना, 'श्रमांसह' हा शब्द लिहिताना, त्याचे वय विचारा असे बंधन का नाही? आणि जन्मठेपेचे तर काय सांगावे! जन्मठेप म्हणजे सश्रमच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली नायब सिंग यांच्या खटल्यात ठरविले आहे. पन्नाशीत आत गेलेला माणूस तिथेच पासष्टीचा होतो, पण शिक्षेतला तो शब्द काही म्हातारा होत नाही.

दोन मोठी उदाहरणे सांगतो. लोकमान्य टिळकांना १८९७ साली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वय एक्केचाळीस. त्यांना काथ्याचे काम दिले, आणि वजन झपाट्याने घटले. त्यांना सोडावे म्हणून मॅक्समुल्लरसारख्या विलायतेतल्या विद्वानांनी अर्ज केला, आणि १८९८ साली ते मुदतीपूर्वी सुटले. पुढे २२ जुलै १९०८ च्या रात्री त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण व्हायची होती. ही शिक्षा पुढे सरकारने साध्या कैदेत बदलली आणि त्यांना मंडालेस ठेवले. त्या साध्या कैदेत त्यांनी काय केले? गीतारहस्य लिहिले. १९२२ साली महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली, तीही साधी कैद. त्यांचेही वय तेव्हा बावन्न. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी शिक्षा देताना टिळकांच्या खटल्याचा दाखला दिला होता. येरवड्यात गांधीजी सूत कातीत. कोणी सक्ती केली नव्हती.

परक्या सरकारच्या मनात या दोघांविषयी प्रेम होते असे नाही. तरीही पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कोंडता येते आणि त्याच्या हाडांना कामाला न जुंपताही कोंडता येते, हे त्या सरकारलाही ठाऊक होते. पण टिळकांच्या पाठीशी देश होता. आबांच्या पाठीशी कोण होते? मी. आणि मी पुस्तक उशिरा उघडले.

मग मी काय केले? आम्ही संघटनेची माणसे, अर्ज करण्यात पटाईत. १८९४ चा तुरुंगांचा कायदा वाचला. तो कायदा जुना आहे, पण त्याचे ३५ वे कलम ऐकण्यासारखे आहे. कैद्याला दिवसाला नऊ तासांहून अधिक काम देऊ नये, कामावरच्या कैद्यांना वैद्यकीय अधिकाऱ्याने वेळोवेळी तपासावे, दर पंधरवड्याला वजन करून नोंदवावे, आणि एखाद्या कामाने प्रकृती ढासळत असेल तर त्या कामावरून काढून दुसरे योग्य काम द्यावे. तुम्हांला सांगतो, फडावर ऊस तोडणाऱ्याचे वजन दर पंधरवड्याला करा असा कायदा अजून मी पाहिलेला नाही! असो. मी कलमाचा आधार घेऊन अर्ज केला की, हा सहासष्ट वर्षांचा दुखणाईत माणूस आहे, याला काम देऊ नये. स्मरणपत्रे दिली, खेटे घातले. अखेर डॉक्टरांनी तपासले, कामास अपात्र असा शेरा पडला, आणि आबांचे काम बंद झाले. मी कचेरीत पेढे वाटले.

पुढच्या महिन्यात भेटीला गेलो. वाटले, म्हातारा हात जोडील. आबा जाळीपलीकडे बसले, बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, तुमी माजं काम काढून घेतलं. आता दिस ढळत न्हाई."

मी म्हणालो, आबा, तुम्हांला त्रास होत होता. ते म्हणाले, "तरास व्हता ते उभं ऱ्हाऊन करायचं काम. बसून धान्य निवडाया दिलं आसतं तर काय बिघडलं आसतं?" आणि मग कळले ते असे. तुरुंगात कामाचा मोबदला मिळतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात, त्याप्रमाणे पैसे खाती जमा होतात. रक्कम बाहेरच्या मजुरीच्या मानाने फारच थोडी. पण आबा ती साठवीत होते. त्यातून पुतण्याच्या दवापाण्याला काही द्यायचे त्यांच्या मनात होते. माझ्या अर्जाने काम बंद झाले, तसे ते पैसेही बंद झाले. सुटून आल्यावर त्यांनी पुतण्याच्या घरी जाऊन थोडीफार रक्कम ठेवली. जेवढी ठेवायची म्हणत होते तेवढी भरली नाही. त्या हिशोबातली तूट माझ्या अर्जाने पडली होती.

मंडळी, कामगारांचा पुढारी म्हणवणाऱ्या माणसाने एका कामगाराचे काम घालवले आणि पेढे वाटले. तेव्हापासून मी या प्रश्नाकडे नीट पाहू लागलो. म्हाताऱ्या कैद्याला कामाला जुंपू नये, एवढे म्हणून भागत नाही. त्याला रिकामे बसविणे हीही एक शिक्षाच आहे. प्रश्न असा की, काम कोणते, कोणी ठरवायचे, आणि त्याचे मोल काय?

मोलाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या एका प्रकरणात निकाल दिला आहे. घटनेचे २३ वे कलम वेठबिगारीला बंदी करते, मग सक्तमजुरी ही वेठ नाही का, असा तेथे प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की, न्यायालयाच्या शिक्षेने काम करवून घेणे घटनेला सोडून नाही, पण त्या कामाचा न्याय्य मोबदला कैद्याला दिला पाहिजे, आणि त्यातून काही भाग गुन्ह्याची झळ लागलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याची व्यवस्था व्हावी. हा निकाल वाचून मला आबांची आठवण झाली. न्यायमूर्तींनी जे तत्त्व मांडले, ते त्या अडाणी म्हाताऱ्याने मनाशी आधीच ठरविले होते.

काम कोणते, याविषयीही एक निकाल सांगितला पाहिजे. तुरुंगात कोणाला स्वयंपाक द्यायचा आणि कोणाला झाडू द्यायचा, हे अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमांत जातीवरून ठरत होते. सुकन्या शांता या आपल्या महाराष्ट्रातल्या पत्रकार. त्यांनी हे उजेडात आणले आणि न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले. म्हणजे १९५० साली घटना आली, आणि तुरुंगाच्या आतला झाडू जातीच्या हातून सुटायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली! बाहेरच्या गावात तो सुटला आहे का, हे आपण आपल्या मनाला विचारावे. आपल्या भागात पारध्यांची वस्ती आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी संशयाची नजर अजून रद्द झालेली नाही. अशा घरातला म्हातारा किरकोळ चोरीत सापडला तर त्याच्यासाठी वयाचा विचार करा असे म्हणणारा कोण?

आता चांगले उदाहरण. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून १९३९ साली तेथे कैद्यांना भिंतीवाचून ठेवण्याचा प्रयोग केला. शेती करावी, बायकापोरांसह राहावे. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली आला. तिथे श्रम आहेत. पण ते माणसाला मोडण्यासाठी नाहीत. म्हातारा माणूस पाण्याचे पाट धरील, राखण करील, रोपांची निगा राखील. शेतकऱ्याच्या घरात म्हाताऱ्याला काम कसे देतात, हे कोणाला शिकवायला लागत नाही. त्याला नांगर देत नाहीत, आणि खाटेवर बांधूनही ठेवीत नाहीत.

कोणी म्हणेल, तुम्ही फार कनवाळू झालात. काही म्हातारे फार वाईट गुन्हे करतात. लहान लेकरांवर हात टाकणारे म्हातारे आहेत, सून जाळणारे आहेत, पतपेढ्या बुडवून हजारो घरे धुऊन नेणारे आहेत. त्यांनाही धान्य निवडायला बसवायचे का? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. बीड जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसे या सभेतही बसली असतील. माझे उत्तर असे : ज्याचा गुन्हा मोठा, त्याची मुदत मोठी. वर्षे कमी करा असे मी म्हणत नाही. पण ७५ वर्षांच्या माणसाला उभ्याने काम करवून त्याचे गुडघे गेले, तर लुबाडलेल्याची ठेव परत येत नाही. ठेव परत आणण्याचा मार्ग त्याच्या मालमत्तेच्या जप्तीत आहे. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणे, आणि ते थोडे नाही. त्यावर हाडे झिजविण्याची पुरवणी जोडायची असेल, तर तिचा उपयोग काय ते जोडणाऱ्याने दाखवून द्यावे.

आणि हा विचार आपल्याकडचा नाही असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे की, राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी आणि पौर्णिमेला बाल, वृद्ध, रोगी आणि अनाथ यांना बंधनातून सोडावे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात २०२२ आणि २०२३ साली सरकारने विशेष माफीची योजना केली. तिच्यात निम्मी शिक्षा भोगलेल्या साठीपुढच्या पुरुषांचा समावेश होता. परंपरा जुनीच. पण सणावारी दिलेली माफी आणि रोजच्या व्यवहारातला न्याय यांत फरक आहे. दिवाळीचा बोनस मिळाला म्हणून आम्ही रोजंदारीची मागणी सोडीत नाही.

जगाकडे पाहा. ज्या इंग्रजांनी ही सक्तमजुरी आपल्या कायद्यात घातली, त्यांनी स्वतःच्या देशातली १९४८ सालीच काढून टाकली. जपानात १९०७ च्या कायद्याने कैदेत काम करणे सक्तीचे होते. तिथल्या तुरुंगांत म्हातारे फार. एकटे पडलेले, किरकोळ चोऱ्या करून पुन्हा पुन्हा आत येणारे. त्यांना कारखान्याच्या रांगेत बसविता येईना, काहींना तर आपण कोठे आहोत हेही आठवेना. अखेर १ जून २०२५ पासून जपानने श्रमाची कैद आणि बिनश्रमाची कैद हा भेदच मोडला. आता एकच कैद, आणि ज्याला जे झेपेल व ज्याने तो सुधारेल ते काम किंवा शिक्षण. एवढा शिस्तीचा देश, पण म्हाताऱ्यांनी त्याला कायदा बदलायला लावला.

आपल्याकडेही नव्या न्याय संहितेत एक नवी शिक्षा आली आहे, सामुदायिक सेवा. सहा लहान गुन्ह्यांना ती देता येते. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि मालाची किंमत परत केली असेल, दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला असेल, अब्रुनुकसानी केली असेल, अशांना तुरुंगाऐवजी समाजाच्या उपयोगाचे काम. म्हाताऱ्या माणसाला कोठडीपेक्षा हे बरे, असे मला वाटते. पण कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की या कामाला मोबदला नाही. इथे मी कान टवकारतो. निजामाच्या राज्यात आपल्या आज्यापणज्यांनी वेठ केली आहे. अधिकारी आला की बिनपैशाने पाणी भरा, सामान वाहा. त्या वेठीची आठवण ज्या घरात आहे तिथे बिनमोलाच्या कामाचा शब्द जपून उच्चारावा. न्यायालयाच्या हुकुमाची सेवा आणि साहेबाच्या अंगणातली वेठ यांत एकाच गोष्टीने फरक पडतो : काम लोकांच्या डोळ्यांसमोर, लोकांच्या उपयोगाचे असले पाहिजे. आणि म्हाताऱ्याच्या बाबतीत ते त्याची धिंड काढणारे नसावे. वाचता येणाऱ्याने दवाखान्यात अर्ज भरून द्यावेत, गवंड्याने शाळेची भिंत कशी लिंपायची ते पोरांना दाखवावे. भर चौकात झाडू देऊन उभे करणे आणि फोटो काढणे ही सेवा नव्हे.

आमच्या सभेत शेवटी मागणीपत्रक वाचण्याची रीत आहे. तेव्हा माझ्याही चार मागण्या. पहिली : साठीपुढच्या माणसाला 'सश्रम' शिक्षा देताना ती का, याचे कारण निकालपत्रात लिहावे, आणि कायद्याने सश्रमच ठेवली असेल तिथे डॉक्टरच्या दाखल्यावाचून काम देऊ नये. दुसरी : 'काम किंवा काहीच नाही' असा तोडगा नको. बसून करायचे, झेपेल असे काम मागण्याचा हक्क म्हाताऱ्याला असावा. तिसरी : मोबदला न्याय्य असावा, आणि त्यातला वाटा ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरी पोचावा. चौथी मागणी सरकारकडे नाही, ती इथे बसलेल्या वकीलबंधूंकडे आणि माझ्यासारख्या कार्यकर्त्यांकडे आहे. शिक्षेवर बोलायची वेळ येते तेव्हा दंडाच्या आकड्याआधी त्या एका शब्दाकडे पाहावे. ते बोलायला दोन मिनिटे लागतात. मी ती दोन मिनिटे बोललो नाही.

आपल्या गावावरून आता रेल्वे जाते. तरी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या काही थांबलेल्या नाहीत, आणि त्यांत पांढऱ्या केसांची माणसे मला दरवर्षी दिसतात. त्यांनी काही गुन्हा केलेला नाही, आणि तरी मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्यांची मजुरी सक्तच आहे. तुरुंगातल्या म्हाताऱ्याविषयी बोलताना मला तुरुंगाबाहेरच्या म्हाताऱ्याचा विसर पडला, असे कोणी समजू नये. दोघांचा प्रश्न एकच आहे : थकलेल्या हातांना किती काम, कोणत्या मोलाने, आणि नाही म्हणण्याची मुभा आहे की नाही. आतल्या माणसाच्या बाबतीत आपण याचे उत्तर दिले, तर बाहेरच्याच्या बाबतीत ते नाकारायला आपल्याला तोंड उरणार नाही.

आबा आता नाहीत. पुतण्या आणि त्यांचे घर बोलू लागले आहे, बांध आहे तिथेच आहे.